टू फॅट लेडीज: हा जुना ब्रिटिश कार्यक्रम कुणी पाहिलाय का? आणि सुएटच्या जागी काय वापरू?

सायली_रेडिंग

नमस्कार मंडळी,

सासू-सासरे नाशिकहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. संध्याकाळी टीव्हीवर काय लावायचं हा रोजचा प्रश्न. परवा यूट्यूबवर शोधता शोधता ‘टू फॅट लेडीज’ नावाचा बीबीसीचा जुना कार्यक्रम सापडला. चांगल्या वयाच्या, चांगल्या जाडजूड दोन बायका मोटरसायकलवरून येतात, एक चालवते, दुसरी साइडकारमध्ये बसलेली. कुठल्याशा गावात उतरतात, तिथल्या स्वयंपाकघरात शिरतात आणि लोणी, साय, डुकराची चरबी असं काय काय ओतून स्वयंपाक करतात. मध्येच गाणी म्हणतात, एकमेकींची फिरकी घेतात. सासऱ्यांना इंग्रजी फारसं समजत नाही, तरी ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सासूबाई मात्र पूर्ण वेळ हातांकडे बघत होत्या. त्यांचं म्हणणं, “ही बाई हात बघ कशी चालवते, हिला स्वयंपाक येतो.”

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा कार्यक्रम त्या काळी एवढा का गाजला? जाड बायकांना हसायचं म्हणून लोक बघत होते का? तसं असेल तर मला तो सासू-सासऱ्यांसोबत बघायला बरं वाटणार नाही. दुसरं म्हणजे त्यात सारखं सुएट सुएट (ही जनावराची चरबी असते म्हणे) चाललेलं असतं. सासूबाईंना तसलं एखादं पुडिंग करून बघायचंय, पण त्या शाकाहारी आहेत. मग काय वापरायचं? आणि बघायला सुरुवात कुठल्या भागापासून करू?

बुलेटवेडा

स्वयंपाकातलं मला कळत नाही, पण ती मोटरसायकल मला चांगली माहीत आहे, म्हणून लिहितो.

ती ट्रायम्फ थंडरबर्ड ९००. तीन सिलिंडर, ८८५ सीसी, इंग्लंडमधल्या हिंक्ली कारखान्यात बनलेली. साइडकार वॉटसोनियन कंपनीची, जुबिली जीपी-७००, नेहमीच्या साइडकारपेक्षा रुंद. नंबरप्लेट एन८८ टीएफएल. इंग्लंडात हाउजीच्या खेळात ८८ आकड्याला ‘टू फॅट लेडीज’ असंच पुकारतात, म्हणून ते ८८.

साइडकार जोडलेली मोटरसायकल चालवणं साध्या मोटरसायकलपेक्षा फार वेगळं असतं. ती वळणावर झुकत नाही. इंग्लंडात आणि आपल्याकडे साइडकार डाव्या बाजूला असते. वेग दिला की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक लावला की उजवीकडे जाते. डाव्या वळणावर साइडकारचं चाक उचललं जायची भीती असते. गाडी चालवणाऱ्या जेनिफर पॅटरसन तेव्हा सत्तरीला टेकल्या होत्या आणि कॉर्नवॉलच्या अरुंद, उंच बांधांच्या रस्त्यांवरून, शेजारी भरभक्कम वजन घेऊन, त्या ही गाडी नेतात. एरवीही त्या लंडनमध्ये दुचाकीवरूनच फिरायच्या. कार्यक्रमात त्यांचं गाडी चालवणं बघाच, हँडलवर खांदे किती सैल असतात ते बघा. माझ्यासाठी तो कार्यक्रम तिथेच वसूल झाला.

लीड्सच्या_माई

सायली, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो महत्त्वाचा आहे. नाही. सासू-सासऱ्यांना बिनधास्त दाखव.

मी लग्न होऊन सांगलीहून लीड्सला आले ती ऐंशीच्या दशकात. मुलं शाळेत जायला लागल्यावर शाळेच्या किचनमध्ये लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. ‘टू फॅट लेडीज’ बीबीसी टूवर सुरू झाला ऑक्टोबर १९९६मध्ये आणि संपला १९९९मध्ये. चोवीस भाग. तेव्हा आमच्या किचनमधल्या सगळ्या बायका तो बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी बटाटे सोलताना त्याच्याशिवाय दुसरा विषय नसायचा. आम्ही कुणाच्या वजनाला हसत नव्हतो. आमच्यातल्या निम्म्या जणी त्यांच्याच मापाच्या होत्या, आणि टीव्हीवर आपल्यासारखी बाई हसण्याचा विषय न होता स्वतः हसवते आहे, हे आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. नाव ऐकून वाटतं तसं ते नाही. त्या दोघी एकदाही आपल्या शरीराबद्दल माफी मागत नाहीत. गाडीवरून उतरतात, समोरच्याला हाक मारतात, मासा हातात घेऊन त्याचे कल्ले उघडून बघतात आणि कामाला लागतात.

आता तो का चालला, याबद्दल मला जे वाटतं ते नीट सांगते, कारण नुसतं विनोदी होता म्हणून चालला असं म्हटलं तर निम्मी गोष्ट राहून जाते.

पहिलं म्हणजे काळ. २० मार्च १९९६ला ब्रिटिश सरकारने संसदेत सांगितलं की गायींच्या बीएसई, म्हणजे ‘मॅड काऊ’ रोगाचा आणि माणसांमध्ये दिसलेल्या मेंदूच्या नव्या आजाराचा संबंध असण्याची शक्यता आहे. त्यानंतर युरोपने ब्रिटिश बीफ घेणं थांबवलं, अनेक कौन्सिलांनी, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकांनी, शाळेच्या जेवणातून ते काढून टाकलं. आमच्याकडे पालकांचे फोन यायचे, मुलं ताटाकडे संशयाने बघायची. पुढे डिसेंबर १९९७मध्ये हाडासकट बीफ विकायलाच बंदी आली. शिवाय त्याच वर्षांत लो-फॅटचं वेड टिपेला होतं. दुकानात दह्यापासून बिस्किटांपर्यंत सगळ्यावर ते दोन शब्द. म्हणजे एकीकडे मांसाची भीती, दुसरीकडे लोण्याची लाज. अशा वेळी या दोघी आल्या आणि त्यांनी खाटकाच्या दुकानात उभं राहून विचारलं, हे जनावर कुठलं, काय खाऊन वाढलं, किती दिवस टांगून ठेवलंय. लोकांना पोटात भीती असताना कुणीतरी शांतपणे प्रश्न कसे विचारायचे ते दाखवत होतं. मला ते फार मोठं काम वाटतं.

दुसरं, त्या दोघींची वयं बघ. जेनिफरचा जन्म १९२८चा. इंग्लंडात लोणी, बेकन आणि साखर रेशनवर गेली ती जानेवारी १९४०मध्ये आणि मांसावरचं शेवटचं रेशन उठलं जुलै १९५४मध्ये. म्हणजे ती अकरा वर्षांची असल्यापासून सव्वीस वर्षांची होईपर्यंत हा देश मोजून-मापून खात होता. आठवड्याला माणशी लोणी साधारण दोन औंस, म्हणजे सत्तावन्न ग्रॅम. अंडी पावडरची. क्रीम विकायला मनाई. आमची हेड कुक जेनिफरपेक्षा थोडी लहान, पण रेशनमध्येच वाढलेली. लोण्याचा कागद ती कधी फेकायची नाही, ट्रे पुसायला ठेवायची. तिच्यासारख्या बायकांना पडद्यावर कढईत पडणारा लोण्याचा गोळा बघून काय वाटत असेल, ते मी तिच्या चेहऱ्यावर बघितलंय. तिला त्यात उधळपट्टी दिसत नव्हती, तिला ते परत मिळालेलं वाटत होतं. दुसरी, साइडकारमधली क्लॅरिसा डिक्सन राइट १९४७ची, रेशन उठलं तेव्हा नुकतीच सात वर्षांची झालेली. तिच्या बोलण्यात तो हावरेपणा कमी आणि इतिहास जास्त. कुठला पदार्थ कुठल्या शतकातला, कुठून आला, हे ती चिरता चिरता सांगून जाते. कार्डून नावाची भाजी आहे, आर्टिचोकच्या जातीतली, काटेरी, लोक विसरून गेलेले; ती पुन्हा खाल्ली जावी म्हणून ही बाई जन्मभर भांडली.

दोघींची आयुष्यंही सांगते, म्हणजे बघताना वेगळं दिसेल. क्लॅरिसाचे वडील लंडनमधले नामांकित सर्जन. ती एकविसाव्या वर्षी बॅरिस्टर झाली, तेव्हा तो मान मिळवणारी ती सगळ्यात लहान बाई होती. पुढे वारशाने प्रचंड पैसा आला, सुमारे अठ्ठावीस लाख पौंड, आणि तो सगळा दारूत गेला. १९८७मध्ये तिने दारू सोडली ती कायमची. त्यानंतर लंडनच्या नॉटिंग हिलमधल्या, फक्त पाककृतींची पुस्तकं विकणाऱ्या दुकानात ती काम करू लागली, नंतर एडिंबरामध्ये तसंच दुकान चालवलं. एवढं सगळं गमावून जी बाई स्वयंपाकाच्या आधाराने उभी राहिली, तिने लोण्याबद्दल बोललेलं मी वेगळ्या कानाने ऐकते.

जेनिफरला शाळेतून पंधराव्या वर्षी काढलं. मग बर्लिन, पोर्तुगाल, सिसिली, बेनगाझी असं कुठे कुठे राहून लंडनला परत. युगांडाच्या वकिलातीत स्वयंपाकीण होती. नंतर ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकाच्या ऑफिसात दर गुरुवारी पाहुण्यांसाठी जेवण करायची. तिथल्या लोकांनी न धुता ठेवलेल्या कपबश्या तिने चिडून खिडकीबाहेर भिरकावल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. जिने दुसऱ्याची उष्टी भांडी वर्षानुवर्षं उचलली आहेत तिला त्या रागाचं मोल कळतं. पुढे त्याच साप्ताहिकात ती खाण्यावर सदर लिहायला लागली.

या दोघींना एकत्र आणलं पॅट्रिशिया लुएलिन या निर्मातीने. जेमी ऑलिव्हर या प्रसिद्ध शेफला टीव्हीवर आणणारी तीच. तिने स्टुडिओ टाळला. प्रत्येक भागात त्या कुठल्यातरी खऱ्या स्वयंपाकघरात, खऱ्या माणसांसाठी रांधतात: कोळी, नन्स, नौकानयनाचा केंब्रिजचा संघ, चर्चमधली गाणारी मुलं. माझ्या दृष्टीने कार्यक्रमाचा कणा इथे आहे. शेवटी कुणीतरी भुकेलं माणूस बाकावर बसून ते जेवतं. आमच्यासारख्या शेकडो ताटं वाढणाऱ्या बायकांना हे लगेच भिडलं. ताटात सजावट करून कॅमेऱ्याला दाखवणारे आचारी आम्हीही बघायचो, पण ते कुणाला जेवू घालतात हे कधी कळायचं नाही.

आमच्या कामाबद्दलही थोडं सांगते. १९४४च्या कायद्याने शाळेत मुलांना जेवण देणं कौन्सिलांवर बंधनकारक केलं होतं. १९८०च्या कायद्याने जेवणात किमान पोषण किती असावं हे ठरवणारे नियमच काढून टाकले. मग आली ठेकेदारी, सगळ्यात स्वस्त बोलीला काम. मी लागले तेव्हा आम्ही सकाळी मांस भाजायला टाकायचो, त्याच्या ट्रेमध्ये गळलेल्या चरबीत, म्हणजे ड्रिपिंगमध्ये, बटाटे भाजायचो, उरल्यावर ग्रेव्ही करायचो. काही वर्षांत आमच्या हातातून सुऱ्या गेल्या आणि कात्र्या आल्या, गोठवलेली पाकिटं कापायला. ‘टू फॅट लेडीज’ लागायचा तेव्हा आम्ही दिवसभर चिकन नगेट्स ट्रेवर पसरून घरी आलेलो असायचो. टीव्हीवर जेनिफर हाताने पीठ चोळतेय, बोटांत मोठ्या अंगठ्या, नखांना लालभडक रंग, आणि चोळता चोळता गातेय. माझ्या शेजारची मैत्रीण म्हणाली होती, “हे आपल्यालाही येत होतं.” तिचं ते वाक्य मला अजून टोचतं.

आता सुएट. जनावराच्या मूत्रपिंडाभोवती जी घट्ट, पांढरी, कोरडी चरबी असते ती सुएट. बाकीच्या चरबीपेक्षा ती उशिरा वितळते, लोणी साधारण बत्तीस-पस्तीस अंशांना, तर ही पंचेचाळीसच्या पुढे. त्यामुळे पीठ वाफेवर धरू लागेपर्यंत तिचे कण तसेच राहतात, मग वितळतात आणि जागच्या जागी पोकळ्या सोडतात. म्हणून सुएट पुडिंग हलकं होतं, आणि लोणी घातलं तर चविष्ट होतं पण बसतं. सासूबाईंसाठी इथे अडचण नाही: कुठल्याही सुपरमार्केटात अ‍ॅटोराचं व्हेजिटेबल सुएट मिळतं, पाम तेलाचं, पिठात घोळवलेलं. पाकीट हिरवं-लाल अशा रंगांवरून उचलू नकोस, व्हेजिटेबल शब्द वाचूनच घे, कारण त्यांचं गाईच्या चरबीचंही असतं. दोनशे ग्रॅम सेल्फ रेझिंग पीठ (बेकिंग पावडर घातलेला मैदा), शंभर ग्रॅम सुएट, चिमूटभर मीठ, गार पाणी लागेल तसं. मळू नका, फक्त गोळा करा. लाटून जॅम पसरायचा, गुंडाळी करायची, बेकिंग पेपर आणि वर कापड सैल बांधून दीड तास वाफवायचं. गुंडाळी फुगते, म्हणून कापड आवळून बांधू नका. वर गरम कस्टर्ड. याला जॅम रोली-पोली म्हणतात. वड्या वाफवणाऱ्या बाईला यात अवघड काही नाही, सासूबाई पहिल्याच वेळी जमवतील.

नाशिकला परत गेल्यावर करायचं असेल तर वनस्पती तूप फ्रीजरमध्ये दगडासारखं गोठवून किसणीवर किसा आणि किसल्याबरोबर पिठात टाका. बरंच जवळ जातं.

सुरुवात मेवागिसीच्या भागापासून कर. कॉर्नवॉलमधलं कोळ्यांचं बंदर, मासे आणि शिंपल्यांचा भाग आहे. नंतर नाताळचा, विंचेस्टर कॅथेड्रलच्या गाणाऱ्या मुलांसाठी केलेला. गेम म्हणजे शिकारीच्या पक्ष्यांचा भाग शाकाहारी माणसासोबत बघू नकोस.

अभय_नागपूर

मी हृदयरोग विभागात काम करतो, त्यामुळे हा प्रतिसाद थोडा गंभीर आहे. माईंचं लिखाण वाचनीय आहे, त्यांच्या किचनबद्दलचं तर फारच. पण या कार्यक्रमाचं कौतुक करताना एक बाजू सुटू नये.

एनएचएसचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा, सल्ला असा आहे की संपृक्त स्निग्ध पदार्थ पुरुषांनी दिवसाला ३० ग्रॅमपेक्षा आणि स्त्रियांनी २० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नयेत. इंग्लंडातल्या डबल क्रीममध्ये जवळजवळ निम्मं फॅट असतं. त्यातलं संपृक्त शंभर ग्रॅमला तीसच्या आसपास. म्हणजे पुडिंगवर ओतलेल्या अर्ध्या वाटीत स्त्रियांचा दिवसाचा कोटा जवळजवळ संपतो. दुसरं, दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार आणि मधुमेह लवकर आणि कमी वजनातही होतात. म्हणून ब्रिटनमध्येच आपल्यासाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) धोक्याची पातळी पंचवीसऐवजी तेवीस धरतात. ब्रिटिश बाईला जे झेपलं ते नाशिकहून आलेल्या ज्येष्ठांना झेपेल असं नाही. आणि या दोघीही फार मोठ्या वयापर्यंत जगल्या नाहीत. सायली, सासू-सासऱ्यांचे लिपिड, म्हणजे रक्तातल्या चरबीचे आकडे, कसे आहेत ते बघूनच पुडिंग ठरवा, ही विनंती.

वसईकर

आमच्या घरी अजून डुकराच्या चरबीत रांधतात. लग्नाच्या आदल्या दिवशीचं सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा आमचा पदार्थ) तेलात करा म्हटलं तर आजी दारात उभं करणार नाही. ते वर्षातून दोन-चार वेळाच असतं, पण असतं तेव्हा पूर्ण असतं. या कार्यक्रमातलं लार्ड, म्हणजे तीच चरबी, बघून आम्हाला काहीच नवल वाटलं नाही, उलट वाटलं की आपल्यातलंच कुणीतरी बीबीसीवर गेलंय. माईंना +१.

लीड्सच्या_माई

अभय, तुमचे आकडे मला मान्य आहेत, आणि सायलीच्या सासऱ्यांबद्दलची विनंतीही. घरातलं कुणी औषधावर असेल तर आधी औषध, मग पुडिंग.

पण एका वाक्यापाशी मी थांबले. त्या लवकर गेल्या, हे खरं. जेनिफर १० ऑगस्ट १९९९ला गेली, एकाहत्तराव्या वर्षी. तिला फुप्फुसाचा कॅन्सर होता. ती जन्मभर वुडबाइन ओढायची, भागाच्या शेवटी हातात पेला आणि सिगारेट असायचीच. कॅन्सरचं निदान झालं आणि महिन्याभरात ती गेली. शेवटचे भाग तिच्या मागे दाखवले गेले. क्लॅरिसा मार्च २०१४मध्ये एडिंबरामध्ये गेली, सहासष्टाव्या वर्षी. दारूच्या दिवसांत ती जिनबरोबर इतकं टॉनिक पाणी प्यायची की त्यातल्या क्विनीनने तिच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी खराब झाल्या. हे तिने स्वतः उघडपणे सांगितलंय. म्हणजे सिगारेट आणि दारू. तुम्ही डॉक्टर आहात, लोण्याचाही वाटा असेल असं म्हणाल, आणि मी त्यावर वाद घालणार नाही. पण जाड माणूस गेलं की लोक लगेच त्याच्या ताटाकडे बोट दाखवतात, बाकी काही विचारतच नाहीत. ते मला सहन होत नाही.

आणि दुसरी गोष्ट मी रोज डोळ्यांनी बघितलेली. त्याच वर्षांत आमच्या शाळेत अकरा-बारा वर्षांच्या मुली भाजलेल्या बटाट्यावरचं लोणी चमच्याने खरवडून ताटाच्या कडेला लावायच्या. चीज पायवरचं चीज सोलून काढायच्या. अर्धं ताट परत यायचं. तासाभराने त्याच मुली दुकानासमोर क्रिस्प्सची (बटाट्याच्या वेफर्सची) पाकिटं आणि कोकची बाटली घेऊन उभ्या. कारण पाकिटावर कुणी काही म्हणत नव्हतं, लोण्यावर सगळं जग बोलत होतं. त्यांना जेवणाची भीती कुणी घातली ते मला माहीत नाही, पण मला खूप वाटायचं की यांना पकडून एक भाग दाखवावा. खा-खा खाताना दिसावं म्हणून नाही. एक मोठी बाई भूक लागलीय असं मोठ्याने म्हणते, बसून सावकाश खाते, आवडलं तर सांगते आणि मग उठून कामाला जाते, हे दिसावं म्हणून.

वसईकरांनी माझं म्हणणं एका ओळीत सांगितलं. तो जेवणाचा प्रकार सणाचा आहे. इथल्या जुन्या घरांतही रविवारचा रोस्ट एकदाच असायचा आणि सोमवारी त्याचंच उरलेलं थंड मांस, बटाटा-कोबी परतून केलेलं बबल अँड स्क्वीक. मंगळवारी हाडांचं सूप. आम्ही यॉर्कशायरवाले तर यॉर्कशायर पुडिंग (अंडी, मैदा, दुधाचं, ड्रिपिंगमध्ये भाजून फुगवलेलं, गोड नसतं) आधी वाढायचो, ग्रेव्हीबरोबर, म्हणजे पोटं थोडी भरतात आणि मांस पुरतं. चरबी वापरायची ती फेकायची नाही म्हणून. कार्यक्रमात हे फार स्पष्ट दिसतं: त्या दोघी काहीही फेकत नाहीत. मान, शेपूट, कलेजी, गुर्दा, सगळं शिजतं. आपल्याकडच्या मटणाच्या दुकानात जाणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

अभय_नागपूर

माई, मुलींबद्दलचं वाचून विचारात पडलो. माझ्या ओपीडीत उलट टोक दिसतं, त्यामुळे ही बाजू मी बघत नाही. क्विनीनबद्दलचं मला माहीत नव्हतं. सणाचं जेवण सणाला, यावर आपलं एकमत आहे. तुमच्याकडे रोजच्या वापराला कुठलं तेल असतं, कुतूहल म्हणून विचारतो.

लीड्सच्या_माई

रोज शेंगदाण्याचं, मोजून. तूप वरणावर. ड्रिपिंगची वाटी फ्रीजमध्ये असते, ती फक्त रविवारी निघते.

सायली_रेडिंग

माई, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना पूर्ण वाचून दाखवला. हेड कुक लोण्याचा कागद जपून ठेवायची हे ऐकून त्या म्हणाल्या, “आमच्याकडे पण आई तुपाचं भांडं पोळीने पुसून घ्यायची.” काल मेवागिसीचा भाग बघितला. सासऱ्यांनी बंदर बघून दोनदा मागे घ्यायला लावला. अभय, दोघांचे रिपोर्ट ठीक आहेत, सासऱ्यांना फक्त बीपीची गोळी आहे, त्यामुळे छोटा तुकडा. रोली-पोली शनिवारी.

एक शेवटची शंका. यॉर्कशायर पुडिंग बिनमांसाचं होईल का? सासूबाई अंडं खातात. मी दोन वेळा केलं, दोन्ही वेळा खाली बसलं.

लीड्सच्या_माई

अंडं चालत असेल तर होईल, आणि उत्तम होईल. ड्रिपिंगऐवजी तूप वापर. लोणी नको, ते जळतं. तूप कडक तापतं आणि इथे तेच हवंय.

चार अंडी एका पेल्यात फोड आणि कुठपर्यंत आली ते बघ. तितकाच मैदा, तितकंच दूध. मीठ. गुठळी राहू देऊ नकोस आणि कमीत कमी अर्धा तास तसंच ठेव, रात्रभर ठेवलंस तरी चांगलं. ओव्हन २२० अंशांवर. बारा खळग्यांचा ट्रे घे, प्रत्येकात चमचाभर तूप, आणि ट्रे आत ठेवून तूप धुरकट होईपर्यंत तापू दे. लोक इथेच घाई करतात. पीठ ओतलं की चर्र आवाज आला पाहिजे. नाही आला तर ट्रे परत आत. ट्रे बाहेर फार वेळ धरू नकोस, पीठ सुरईत भरून ठेव म्हणजे पटापट ओतता येईल. अर्ध्यापर्यंतच भर. मग वीस ते पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही. सासरे बघायला आले तरी काचेतून बघू देत. कडा चांगल्या तपकिरी झाल्यावरच काढ, फिकट असताना काढलं तर बसणारच.

सासूबाईंना विचार, त्या आमटीबरोबर खाणार का कांद्याच्या ग्रेव्हीबरोबर. ग्रेव्ही हवी असेल तर कांदा मंद आचेवर पाऊण तास तरी परतावा लागेल, म्हणजे तो आधी चढव.